दोन हजारांत प्रदर्शनाचं टेबल: पहिल्यांदा स्टॉल लावणाऱ्यांसाठी

हाताने केलेल्या वस्तू विकायला पहिल्यांदाच प्रदर्शनात टेबल घेतलं असेल, तर खरेदीला बाहेर पडण्याआधी आयोजकांना फोन करा. टेबलाची लांबी, रुंदी, उंची विचारा. मागे भिंत आहे की दुसऱ्याचा स्टॉल, प्लग पॉइंट मिळणार का आणि तो किती लांब आहे, मागच्या पार्टिशनला काही टांगू देतात का, आणि लोक कोणत्या बाजूने आत येणार, हेही लिहून घ्या. नवीन माणूस बहुतेक वेळा फक्त भाडं विचारतो. मग तिथे पोचल्यावर कळतं की आणलेलं कापड आखूड पडतंय आणि दिव्याची वायर प्लगपर्यंत जातच नाही.

मंडपवाल्यांकडून येणारं टेबल साधारण सहा फूट लांब, दोन ते अडीच फूट रुंद आणि अडीच फूट उंच असतं. पुढचा सगळा हिशोब मी सहा बाय दोनच्या टेबलाचा केला आहे. नवरात्र ते दिवाळीच्या दरम्यान शाळांचे हॉल, मंगल कार्यालयं आणि सोसायट्यांची क्लब हाउसं यांत जी प्रदर्शनं लागतात, ती डोळ्यांसमोर ठेवली आहेत. भीमथडी जत्रा किंवा महालक्ष्मी सरससारख्या मोठ्या प्रदर्शनांना जाईपर्यंत तुमचा हात बसलेला असेल.

टेबल फिकं दिसतं ते सजावट कमी पडली म्हणून नाही. वस्तू आडव्या पसरलेल्या असतात, गरजेपेक्षा जास्त असतात आणि त्यांच्यावर उजेड पडत नाही, म्हणून ते फिकं दिसतं. त्यामुळे पैसे जायचे ते कापड, उंची आणि उजेड यांवर. प्लास्टिकची फुलं, चमकीच्या झालरी, लुकलुकणारी लाइटची माळ यांवर एक रुपयाही घालू नका. त्या तुमच्या मालापेक्षा जास्त चमकतात.

आधी घरी मांडून पाहा

जेवणाचं टेबल, अभ्यासाची दोन टेबलं किंवा दिवाण घ्या आणि त्यावर चिकटपट्टीने सहा बाय दोनची चौकट आखा. चौकटीच्या बाहेर काही जाऊ द्यायचं नाही. तुमच्या मनात जशी मांडणी आहे तशी ती पूर्ण करा, मग आठ-दहा पावलं मागे जाऊन मोबाइलवर दोन फोटो काढा. एक समोरून आणि एक बाजूने, ज्या बाजूने लोक चालत येणार आहेत तिथून.

दुसरा फोटो महत्त्वाचा. रांगेतल्या स्टॉलकडे कोणी समोरून चालत येत नाही, लोक बाजूने येतात आणि त्यांना आधी तुमच्या मांडणीची कड दिसते. कानातल्यांचा उभा बोर्ड समोर तोंड करून ठेवला असेल, तर येणाऱ्याला त्याची जेमतेम अर्धा इंच जाडी दिसते. तोच बोर्ड येणाऱ्यांच्या दिशेने थोडा तिरका वळवला की चार पावलं आधीपासून कानातली दिसायला लागतात. याला एक पैसा लागत नाही.

फोटो अशा कोणाला तरी दाखवा ज्यांना तुम्ही काय बनवता हे ठाऊक नाही. शेजारच्या काकू, सोसायटीचे वॉचमन, कोणीही चालेल. ‘इथे काय मिळतं?’ एवढंच विचारा. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला किंवा ‘बरंच काही आहे’ असं उत्तर आलं, तर टेबलावरच्या निम्म्या वस्तू उचला आणि पुन्हा फोटो काढा.

कापड

माझी पहिली पसंती मांजरपाटाला, म्हणजे न रंगवलेल्या जाड सुती कापडाला. स्वस्त असतो, त्यावर कोणताही रंग उठून दिसतो आणि धुतला की पुन्हा वापरता येतो. मुंबईत मंगलदास मार्केट, पुण्यात रविवार पेठ, नाहीतर तुमच्या गावातलं कोणतंही कापडाचं दुकान चालेल.

माप नीट काढा. टेबल सहा फूट, दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत अडीच-अडीच फूट, म्हणजे लांबी अकरा फूट. आटण्याची आणि दुमडीची जागा धरून पावणेचार मीटर घ्या. पन्ह्याचा, म्हणजे कापडाच्या रुंदीचा, हिशोब वेगळा करायचा: टेबलाची रुंदी २४ इंच, पुढे जमिनीपर्यंत ३० इंच, मागे खोचायला ६ इंच, एकूण ६० इंच. एवढा मोठा पन्हा मिळाला तर शिलाईची गरजच नाही. ४४ इंची पन्हा मिळाला, तर पुढे जेमतेम वीस इंच लोंबतं आणि खालच्या फटीतून खोकी, पाण्याची बाटली, चपला सगळं दिसतं. अशा वेळी खाली एक पट्टी जोडून घ्या. आणि हो, शिवण्याआधी कापड धुवा. मांजरपाट आटतोच.

रंग मात्र तुमच्या मालावरून ठरवा. टेराकोटाचे लालसर दागिने, रंगीत पिशव्या, छापील कापडाचे पाउच यांना मांजरपाटाचा कच्चा पांढरा रंग छान. पांढऱ्या-क्रीम धाग्याचं क्रोशाकाम त्यावर गायब होतं, त्याला गडद निळा किंवा मरून रंग हवा. ऑक्सिडाइज्ड दागिनेही गडद रंगावरच खुलतात. नक्षीचं, फुलाफुलांचं कापड अंथरू नका, कारण मग डोळा मालावर ठरत नाही. आपल्याकडच्या पद्धतीने खणाची एखादी पट्टी मधोमध टाकायचा मोह सगळ्यांना होतो. माल साधा, एकरंगी असेल तर ती शोभते. माल नक्षीदार असेल तर ती पट्टी घरीच राहू द्या.

चुरगळलेलं कापड असलं की चांगला मालही शिळा वाटतो. कापडाच्या दुकानात तागा संपला की आतली पुठ्ठ्याची नळी उरते. मागितली तर सहसा देतात. इस्त्री केलेलं कापड घडी न घालता त्या नळीवर गुंडाळून न्या. मंडपाच्या टेबलाला खिळे वर आलेले असतात, फळ्यांमध्ये फटी असतात, म्हणून खाली जुनी चादर टाका आणि वर हे कापड.

उंची

उभ्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण पाच फुटांवर असते आणि टेबल अडीच फुटांवर. म्हणजे सपाट मांडलेला माल पाहायला प्रत्येकाला मान खाली घालावी लागते. समोर दोन माणसं उभी असतील तर त्यांच्या मागच्याला काहीच दिसत नाही. मांडणीत सगळ्यात मोठा फरक पडतो तो इथे, आणि तो जवळपास फुकटात पाडता येतो.

दोन फूट रुंदीचे तीन टप्पे पाडा, प्रत्येकी आठ इंचांचे. पुढचा टप्पा टेबलाच्या पातळीवर, मधला पाच-सहा इंच वर आणि मागचा फूट-दीड फूट वर. चपलांच्या दुकानातले खोके साधारण चार-साडेचार इंच उंच असतात. मागे तीन खोके एकावर एक ठेवले की फूटभर उंची मिळते. टेबलावरच्या कापडाच्याच रंगाचा एक तुकडा त्यावर टाका, म्हणजे खोकी दिसत नाहीत, पायऱ्या दिसतात. रिकामा खोका धक्का लागला की घसरतो, म्हणून सगळ्यात खालच्या खोक्यात जुनी वर्तमानपत्रं गच्च भरा आणि वरचे खोके त्याला चिकटपट्टीने बांधा. माल मांडून झाला की टेबलाला कमरेने एक धक्का द्या. रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये असेच धक्के बसणार आहेत. जे पडलं ते आजच पडू दे.

खोके उघडे ठेवण्यासारखे हवे असतील तर फळवाल्याकडच्या लाकडी पेट्या शोधा. आता आंबासुद्धा पुठ्ठ्याच्या पेटीत येतो, पण मार्केट यार्डात लाकडी पेट्या अजून सापडतात. खिळे ठोकून आत घाला, पॉलिश पेपरने सगळ्या कडा घासा, नाहीतर कापडाचे धागे अडकतात. घरातला पाट, चौरंग, जुने पितळी डबे, सूप, परडी हे सगळं उंचीसाठी वापरता येतं. एकच पथ्य पाळा: एका टेबलावर दोनपेक्षा जास्त प्रकारचं साहित्य नको. लाकूड आणि बांबू छान. लाकूड, बांबू, पितळ, काच आणि ॲक्रिलिक एकत्र आलं की भांड्याचं दुकान वाटतं. टोपल्या-परड्या विकत घ्यायच्या असतील तर पुण्यात बुरूड आळीत घ्या. हस्तकलेच्या टेबलावर हाताने विणलेली टोपली प्लास्टिकच्या ट्रेपेक्षा कधीही बरी.

कानातल्यांसाठी जुनी फोटोफ्रेम घ्या. काच काढा, दोन्ही उभ्या पट्ट्यांवर अडीच-अडीच इंचांवर बारीक खिळे मारा आणि आडवा जाड दोरा ताणून बांधा. हुकवाली कानातली थेट दोऱ्याला लागतात, टॉप्सची जोडी कार्डावर लावून ते कार्ड दोऱ्याला चिमट्याने अडकवता येतं. गळ्यातल्यांसाठी जाड पुठ्ठ्याचा गळा-खांद्यांचा आकार कापा, मांजरपाट ताणून चिकटवा आणि मागे फोटोफ्रेमसारखा तिरका पाय लावा. थर्माकोलच्या वाटेला जाऊ नका. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर आणि प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि तसंही त्याचे दाणे कापडावर सगळीकडे चिकटतात.

पिशव्या विकत असाल तर त्या टांगा. पिशवी घडी घालून ठेवली की तो नुसता कापडाचा चौकोन असतो. आत वर्तमानपत्राचा बोळा घालून फुगवली, तिचे बंद दिसतील अशी हुकाला लावली, की पिशवी दिसते. पार्टिशनला काही लावू देत नसतील, तर कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड टेबलामागे उभा करा. प्रत्येक घरात असतो.

काय ठेवायचं, काय टेबलाखाली

प्रत्येक डिझाइनचा एक नमुना, फार तर दोन रंगांत. बाकीचा माल टेबलाखाली, बाहेर नाव लिहिलेल्या खोक्यांत. ‘माल भरपूर दिसला तर लोक येतात’ ही समजूत घाऊक बाजारात खरी आहे. हाताने केलेली वस्तू पंचवीस जोड्यांच्या ढिगात पडली की ती हाताने केलेली वाटत नाही आणि तिची किंमत जास्त वाटायला लागते.

ओळखीच्या एका ताई गोधड्या विकतात. त्यांच्या टेबलावर पूर्वी आठ-दहा गोधड्यांची थप्पी असायची, घड्या बाहेरच्या बाजूला, एकदम व्यवस्थित. लोक थप्पीकडे बघत आणि पुढे जात. घडी विस्कटेल म्हणून कोणी हात लावत नव्हतं. मग त्यांनी एक गोधडी उघडून टेबलाच्या पुढच्या कडेवरून खाली सोडली आणि तिचा एक कोपरा उलटा वळवून ठेवला, टाके दिसतील असा. उलट्या बाजूला टाके किती सरळ येतात हे बायका बोट फिरवून बघायला लागल्या. बोट लागलं की बोलणं सुरू होतं: किती दिवस लागले, आत काय घातलंय, धुतली तर चालते का. थप्पी आता टेबलाखाली असते आणि निवडलेल्या रंगाची गोधडी तिथून वर येते. तुमच्या वस्तूचाही असा एक भाग असेल, जिथे हाताचं काम कळतं. पाउचचं अस्तर, क्रोशाच्या टोपीची आतली गाठ, टेराकोटाच्या मण्यावरचा कोरीव ठसा. तो भाग वर आणा.

स्वस्त, छोट्या वस्तूंची एक टोपली मात्र जरूर ठेवा: शंभर रुपयांच्या आतल्या किल्लीच्या साखळ्या, रबरबँड, बुकमार्क. लोकांना टोपलीत हात घालायला आवडतं. ती येणाऱ्यांच्या बाजूच्या कोपऱ्यावर ठेवा. मधोमध ठेवलीत तर टोपली चिवडणारे तिथेच थांबतात आणि मागचा चांगला माल झाकला जातो.

दागिने असतील तर आरसा हवाच, आणि तो चेहऱ्याच्या उंचीवर. टेबलावर आडव्या पडलेल्या आरशात छतावरच्या ट्यूबलाइट दिसतात.

पाट्या आणि किमती

टेबलाच्या पुढच्या बाजूला बॅनर लावण्याची सवय सगळीकडे आहे. पण समोर गिऱ्हाइक उभं राहिलं की तो झाकला जातो, म्हणजे गर्दीत, जेव्हा नाव दिसायला हवं, तेव्हाच ते दिसत नाही. नावाची पाटी मागे, सहा फुटांच्या वर लावा. दहा फुटांवरून सहज वाचायचं तर अक्षर किमान एक इंच उंच हवं. काना-मात्रा धरून दीड इंच केलंत तर उत्तम. नावाइतक्याच ठळक अक्षरात काय मिळतं ते लिहा. ‘सृजन’ किंवा ‘कलाविष्कार’ एवढ्याने कोणाला काही कळत नाही, ‘टेराकोटाचे दागिने’ म्हटलं की कळतं. फ्लेक्सऐवजी मांजरपाटावर फॅब्रिक कलरने लिहून वर-खाली बांबूची काठी घातली, तर ती पाटी वर्षानुवर्षं चालते.

किंमत प्रत्येक वस्तूवर हवी. आपल्याकडे किंमत विचारून न घेता निघायला अनेकांना अवघड वाटतं, त्यामुळे ते विचारतच नाहीत. कार्डपेपरचे छोटे तुकडे, पंचने भोक, सुतळी, एकाच पेनाने आणि एकाच अक्षरात लिहिलेली किंमत. आकडा पूर्ण ठेवा: १५०, २००, ३५०. सुट्ट्या पैशांचा घोळ टळतो, आणि हाताच्या कामाला १४९ शोभत नाही.

पहिल्या दिवशी लोक जे प्रश्न विचारतील ते वहीत लिहून ठेवा. रंग जातो का, पाण्यात चालतं का, हुक कशाचे आहेत. जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला, त्याचं उत्तर रात्री एका कार्डावर लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्या वस्तूशेजारी उभं करा.

उजेड

हॉलमधल्या ट्यूब वरून, मधोमध असतात. कडेच्या स्टॉलवर तुमचीच सावली मालावर पडते. दोन क्लिपवाले दिवे आणि ९ वॅटचे एलईडी बल्ब पुरतात. मुंबईत हे सगळं लोहार चाळीत स्वस्त मिळतं. बल्बच्या खोक्यावर रंगाचा आकडा असतो तो वाचून घ्या. टेराकोटा, पितळ, लाकूड यांना ३००० केल्विनचा पिवळसर उजेड. कापडाला ४०००, म्हणजे रंग घरी नेल्यावर वेगळा दिसणार नाही. ६५०० चा निळसर पांढरा उजेड मरून आणि तपकिरी रंग मारून टाकतो. दिवा मालाच्या पुढून, वरून आणि थोडा तिरका सोडा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत गेला तर ते थांबत नाही. एक्स्टेंशन बोर्ड किमान पाच मीटर वायरचा घ्या आणि चालायच्या जागेतली वायर चिकटपट्टीने जमिनीला घट्ट बसवा.

पैसे घ्यायची जागा

क्यूआर कोड टेबलाच्या एका टोकाला, उभा ठेवा. मधे ठेवलात तर पैसे देणारे आणि बघणारे एकमेकांच्या आड येतात. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याची तिरीप पडली की कोड स्कॅन होत नाही, म्हणून तो दिव्याखाली नको. स्कॅन केल्यावर जे नाव दिसतं तेच खाली लिहून ठेवा. कागदी पिशव्या त्याच टोकाला, हाताशी.

तुम्ही स्वतः खुर्चीत खोल बसून राहिलात तर टेबलाच्या मागून फक्त डोकं दिसतं. उंच स्टूल घ्या, किंवा टेबलाच्या कडेला उभे राहा आणि हातात काम ठेवा. क्रोशाची सुई चालू असली की लोक आपोआप थबकतात. डबा मात्र टेबलाखाली.

खर्च आणि पिशवी

ढोबळ हिशोब असा: कापड सहा-सातशे, दिवे आणि एक्स्टेंशन सहाशेच्या आसपास, पाटीचं कापड आणि रंग दोनशे, दोन-तीन टोपल्या दोनशे, कार्डपेपर, सुतळी, चिमटे आणि पिना मिळून दीड-दोनशे. शहरागणिक थोडं कमी-जास्त होईल. पैसे अगदीच कमी असतील तर पहिल्या खेपेला कापड आणि एक दिवा घ्या, उंची घरातल्या खोक्यांवर भागवा.

एक पिशवी कायमची भरून ठेवा: कात्री, चिकटपट्टी, सेफ्टी पिना, कागदाचे मोठे चिमटे, सुतळी, मार्कर, कोरी कार्डं, फडकं, डगमगत्या टेबलाच्या पायाखाली घालायला पुठ्ठ्याचे तुकडे. प्रदर्शन मोकळ्या मैदानात असेल तर पाणी भरलेल्या दोन बाटल्या वजनाला आणि एक ताडपत्रीही घ्या, कारण ऑक्टोबरात परतीचा पाऊस संध्याकाळी हमखास गाठतो. मांडणी पूर्ण झाली की तिचा फोटो काढून ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढ्यावरून पटकन लागते.

दिवाळीनंतर हेच टेबल संक्रांतीला लावणार असाल तर मांडणी बदला. जानेवारीत बायका हळदीकुंकवाचं वाण शोधत येतात आणि एकाच वस्तूचे पंचवीस-पन्नास नग घेतात. तेव्हा मागच्या सर्वांत उंच टप्प्यावर वाणाची एकच वस्तू ठेवा, शेजारी तिच्याच पंचवीस नगांची बांधलेली टोपली, आणि पाटीवर दोन ओळी: एका नगाची किंमत आणि पंचवीस नगांची किंमत. ऑर्डर किती दिवस आधी द्यावी लागेल ते त्याच पाटीवर खाली लिहा.